कृष्णविवराच्या सावलीवरून त्याची फिरकी कशी ओळखतात? मदत हवी आहे

मंडळी, बारावीच्या मुलांसमोर कृष्णविवरांवर बोलायचंय आणि एका ठिकाणी अडलोय.

एम ८७ आकाशगंगेतल्या विवराचं २०१९ मधलं चित्र आठवत असेलच. त्यातल्या कड्याचा व्यास सुमारे ४२ मायक्रोआर्कसेकंद (आकाशातला अतिसूक्ष्म कोन). अंतर साडेपाच कोटी प्रकाशवर्षं धरलं की वस्तुमान सूर्याच्या ६५० कोटी पट निघतं. इथवर ठीक. जवळून जाणारा प्रकाशही वळून आत पडतो, त्यामुळे न फिरणाऱ्या विवराची सावली (कड्याच्या मधला काळा भाग) घटना क्षितिजाच्या, म्हणजे जिच्या आतून प्रकाशही सुटत नाही त्या सीमेच्या, साधारण २.६ पट मोठी दिसते, हेही कळलं.

गाडं अडतं ते फिरकीपाशी. विवर कितीही जोरात फिरलं तरी सावलीचा आकार काही टक्क्यांनीच बदलतो म्हणे. एक बाजू किंचित चपटी होते, पण ती बाजूने पाहिलं तर. इथे विवराजवळून त्याच्या अक्षाच्या दिशेने निघणारा कणांचा झोत आपल्या दृष्टिरेषेशी जेमतेम १७ अंशांवर आहे, म्हणजे आपण जवळपास ध्रुवाकडूनच बघतोय!

कड्याची दक्षिण बाजू उजळ आहे, कारण तिथला वायू आपल्याकडे येतोय. त्यावरून विवराच्या फिरकीची दिशा ठरवली, हे पटतं. पण वेग? २०२१ च्या ध्रुवित (ठरावीक दिशेतच कंप पावणाऱ्या) प्रकाशाच्या चित्रातल्या पिळदार नक्षीवरून तो काढता येतो का, की ती नक्षी फक्त चुंबकीय क्षेत्राबद्दलच सांगते? फोटॉन कडं, म्हणजे विवराभोवती फेरी मारून आलेल्या प्रकाशाचं बारीक कडं, टिपण्यासाठी अवकाशात दुर्बिणी पाठवाव्या लागतील असंही ऐकलंय.

कोणी समीकरणं न टाळता, पण मुलांना झेपेल असं समजावेल का? हाताने काढलेली आकृती असेल तर फारच उत्तम. व्हिडिओच्या लिंका मात्र नकोत, त्या पाहून झाल्यात.