चिकटलेले बॉल लवकर फोडा
एकाने विचारलंय, पूलच्या एट बॉल खेळात ब्रेक (रचलेले बॉल फोडणारा पहिला शॉट) छान बसतो, चार-पाच बॉल जातात आणि मग एकमेकांना चिकटलेल्या दोन बॉलच्या जोडीपाशी गाडी अडते, काय करू? तर ती जोडी शेवटासाठी ठेवूच नका, आपले तीन-चार बॉल बाकी असतानाच फोडा आणि त्याआधी पॉकेटच्या तोंडाशी एक सोपा बॉल राखून ठेवा, म्हणजे पांढरा बॉल (ज्याला काठीने मारतो तो) कुठेही थांबला तरी पुढचा शॉट मिळतो. आणि जोर कशाला? बॉल वीतभर सुटे झाले तरी भरपूर, जोरात मारलं की पांढऱ्यावरचा ताबा जातो. अमेरिकी पूल खेळाडू विली मोस्कोनीने १९५४ मध्ये सलग ५२६ बॉल घातले ते स्ट्रेट पूल या पूलच्याच दुसऱ्या प्रकारात, तिथे दर रॅकचा (त्रिकोणात रचलेल्या बॉलचा) शेवटचा बॉल पुढचा रॅक फोडायलाच राखतात, अगदी हेच तंत्र.