कॉलेजात 'स्टुडंट सक्सेस सेल' काढायचाय. माणसं किती, कामं कुठली, वर कोण?

खडूधूळ:
पुण्याजवळच्या एका खासगी इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवतो. प्राचार्यांनी परवा बोलावून सांगितलं, पोरं मध्येच गळू नयेत म्हणून सेल काढा, प्रमुख तुम्ही. आत्ता आमच्याकडे आहे ती जीएफएम, म्हणजे पालक-शिक्षक पद्धत. एका शिक्षकाच्या गळ्यात वीसेक पोरं. त्यांची हजेरी, कमी हजेरीवाल्यांची डिफॉल्टर लिस्ट, घरी फोन, महाडीबीटीचे स्कॉलरशिप फॉर्म, सगळं त्यानेच बघायचं. मेन्टॉर रजिस्टर नॅकच्या तपासणीआधी दोन रात्रींत एकाच निळ्या पेनाने भरतात. (मीही भरलंय.) पहिल्या-दुसऱ्या वर्षाची मिळून ९०० मुलं आहेत. किती माणसं मागू?

घाटमाथा:
आधी हे विचारा की जीएफएमचं कुठलं काम कमी होणार. काहीच नसेल तर अजून एक रजिस्टर वाढलं समजा.

अटलांटात_अडकलेला:
मी इथे अमेरिकेत एका विद्यापीठात सहा वर्षं सक्सेस कोच आहे. सर, आकड्याच्या आधी कामं वेगळी करा. कुठले विषय घ्यायचे, क्रेडिट किती राहिले, हे ॲडव्हायझर बघतो. गणित अडलं तर ट्यूटर. झोप उडालीय, रडू येतंय, तर समुपदेशक, आणि ते शिकलेल्या माणसाचंच काम, तिथे हौशी कारभार नको. कोचकडे उरतो मुलाचा आठवडा. सोमवारी काय ठरलं होतं, शुक्रवारी काय झालं, का नाही झालं. ऐकायला फुटकळ वाटतं, पण पोरं गळतात ती बरीचशी इथेच.

आता माणसं. इथल्या जॉर्जिया स्टेट विद्यापीठाने २०१२ पासून ८०० हून जास्त धोक्याच्या खुणांवर रोज नजर ठेवायला सुरुवात केली. त्याचं कौतुक सगळे सांगतात, पण सोबत ४२ ॲडव्हायझर नवे घेतले आणि एकाकडे साधारण ३०० मुलं आणली, हे कोणी सांगत नाही. नुसतं सॉफ्टवेअर घेतलंत तर लाल दिवे दिसतील, विझवायला कोणी नसेल. न्यूयॉर्कच्या सरकारी कॉलेजांतला एएसएपी नावाचा कार्यक्रम (२००७ पासून) मुलांसोबत आणखी जवळून काम करतो. सुरुवातीला एका ॲडव्हायझरकडे ६० ते ८० मुलं. रेल्वे-बसचा महिन्याचा पास फुकट, पण तो हवा तर भेटीगाठी चुकवायच्या नाहीत. चिठ्ठ्या टाकून दोन गट करून तपासलं, तर तीन वर्षांत पदवी घेणारे २२ टक्क्यांवरून ४० वर गेले. अर्थात फी आणि पुस्तकांची मदतही होती, सगळं श्रेय गप्पांना देऊ नका.

घाटमाथा:
पासची युक्ती झकास. आमच्याकडे एसटीच्या पासच्या अर्जावर सही घ्यायला पोरं येतातच, तेव्हाच बसवा खुर्चीत.

एम३_अजून_बाकी:
मी विद्यार्थी आहे, चालेल ना? माझ्या जीएफएम सरांकडेच माझे टर्मवर्कचे मार्क होते. दुसऱ्या सेमला हजेरी ४८ टक्के झाली. सरांनी विचारलं, मी म्हटलं टायफॉइड. खरं म्हणजे रात्री दोनपर्यंत डिलिव्हरी करायचो, सकाळी आठच्या लेक्चरला उठवायचंच नाही. मार्क ज्यांच्या हातात त्यांना हे सांगणार कोण? सर चांगले होते हो. घरी फोन करून वडिलांना टायफॉइडचं विचारलं, मग सगळंच बाहेर पडलं.

अटलांटात_अडकलेला:
सर, हे छापून प्राचार्यांच्या टेबलावर ठेवा. कोचच्या हातात ना मार्क, ना हजेरीचा दंड. घरी फोन करायचा तर मुलाला आधी सांगून.

खडूधूळ:
पटलं. पण एचओडी म्हणतात, कोच डिपार्टमेंटखालीच हवा.

अटलांटात_अडकलेला:
नको. डिपार्टमेंटखाली गेला की चौथ्या दिवशी परीक्षेच्या सुपरव्हिजनला जुंपतील. ॲडमिशनखाली दिला तर जागा भरायला फोन करत बसेल. इथे आम्ही प्रोव्होस्टच्या, म्हणजे शैक्षणिक बाजूच्या मोठ्या साहेबांच्या हाताखाली आहोत. तुमच्याकडे थेट प्राचार्य किंवा डीन. आणि अकाउंट्समधला एक माणूस सेलच्या बैठकीला हवाच. जॉर्जिया स्टेटमध्ये फीची थोडीशी बाकी राहिली म्हणून मुलांची नावं कटायची. २०११ पासून बऱ्याच जणांची ती तूट विद्यापीठ स्वतः भरू लागलं.

खडूधूळ:
मग यंदा फक्त पहिलं वर्ष घेतो. ४५० मुलं, तीन कोच, एक अर्धवेळ समुपदेशक. जीएफएमकडे हजेरी आणि फॉर्म राहू देत, बोलणं कोचकडे. प्राचार्यांनी तीनचे दोन केले तर?

घाटमाथा:
तर ३०० मुलंच घ्या. उरलेल्या दीडशेंची यादी प्राचार्यांच्या नावावर लिहून द्या, सहीसकट.

खडूधूळ:
हाहा, उद्या अकराला भेट आहे. निळा पेन घरीच ठेवतो.