युरोपात फक्त कॉफीसाठी जायचंय: १४ दिवसांत कोणती शहरं धरू?

इंदूरकर२४

नमस्कार मंडळी. मी सुदामानगरचा, वय २४. नोकरीला लागून दोन वर्षं झाली, साठवलेल्या पैशांतून एकट्यानं १४ दिवस युरोपला जायचं ठरवलंय. घरचे म्हणतात, टूरवाल्यांबरोबर जा; पॅरिस, स्वित्झर्लंड, बर्फ, फोटो आणि परत. मला कॉफी प्यायची आहे. घरी मोका पॉट (गॅसवर ठेवून कॉफी करायचं भांडं) आहे, हातानं फिरवायची चक्की आहे, दाणे चिकमगळूरहून मागवतो. पण ज्या गावांत हे सगळं घडलं तिथं उभं राहून एकदा प्यावी, ही इच्छा बारावीपासून मनात आहे.

यादी केली तर अकरा शहरं झाली. लंडन, पॅरिस, लिस्बन, बुडापेस्ट, सगळंच महत्त्वाचं वाटतं. कोणती ठेवू, कोणती गाळू? मे महिन्यात जाऊ की ऑगस्टमध्ये? दिवसाला किती कप झेपतात? आणि मी शाकाहारी आहे, अंडंही खात नाही.

जायफळ

मी राजेंद्रनगरची. मागच्या ऑक्टोबरात १६ दिवस याच कामासाठी एकटी जाऊन आले, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

चारच शहरं धर: ऑस्ट्रियातलं व्हिएन्ना, मग इटलीतली ट्रिएस्टे, तुरिन, नेपल्स. याच क्रमानं. व्हिएन्नाहून खाली उतरत जाशील तसा कप लहान होत जातो, दाण्यांची भाजणी काळी होत जाते आणि बसण्याचा वेळ कमी होतो. व्हिएन्नात मी एका कपावर अडीच तास बसले. नेपल्सला दोन मिनिटांत बाहेर. हा उतार सलग अनुभवायचा असेल तर मध्ये पॅरिस नको. लंडनमध्ये १६५२ साली कॉफीहाउस निघालं, पॅरिसचं ल प्रोकोप १६८६ चं, हा इतिहास मोठाच आहे. पण तू कप शोधायला निघाला आहेस, तो या चार ठिकाणी जास्त सापडेल.

व्हिएन्नात 'एक कॉफी' असं मागू नकोस. मेलांज म्हणजे कॉफी आणि गरम दूध, वर फेस. आइनश्पेनर म्हणजे काचेच्या ग्लासात काळी कॉफी आणि वर फेटलेल्या सायीचा जाड थर. आइनश्पेनर हे एका घोड्याच्या बग्गीचं नाव. बग्गीवाला एका हातात लगाम आणि दुसऱ्या हातात ग्लास धरायचा, सायीमुळे कॉफी लवकर निवत नसे. कॉफी येते ती छोट्या तबकात, सोबत पाण्याचा ग्लास आणि ग्लासावर पालथा ठेवलेला चमचा. पहिल्या दिवशी मी बिलाची वाट बघत पाऊण तास बसले आणि मनातून नाराज झाले, की हा माणूस आपल्याकडे बघतही नाही. नंतर कळलं की तिथं तुम्ही मागितल्याशिवाय बिल आणणं म्हणजे पाहुण्याला उठ म्हणणं. 'त्सालेन, बिटे' म्हणायचं. या कॉफीहाउस संस्कृतीला ऑस्ट्रियानं २०११ मध्ये युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या राष्ट्रीय यादीत घातलंय, ते उगाच नाही. कॅफे सेंट्रल १८७६ चं, पण बाहेर लांब रांग असते. मला कॅफे श्पेर्ल जास्त आवडलं. १८८० चं आहे, आत बिलियर्डची टेबलं आहेत, लाकडी दांड्यांना अडकवलेली वर्तमानपत्रं आहेत.

तिथं तुला एक गोष्ट ऐकवतील: १६८३ च्या वेढ्यातून तुर्की फौज पळाली, कॉफीची पोती मागं राहिली आणि कोल्शिट्स्की नावाच्या हेरानं त्यावर पहिलं कॉफीहाउस काढलं. (तेव्हा आपल्याकडे संभाजीमहाराजांची कारकीर्द चालू होती.) त्याचा पुतळाही आहे. पण कागदोपत्री पहिला परवाना मिळाला तो १६८५ मध्ये योहानेस डिओडाटो या आर्मेनियन व्यापाऱ्याला. मी त्याच्या नावाच्या छोट्या बागेत मुद्दाम जाऊन बसले.

व्हिएन्नाहून रात्रीच्या गाडीनं व्हेनिसला उतर. सान मार्को चौकातलं फ्लोरियान बघ. १७२० सालचं आहे, म्हणजे थोरले बाजीराव पेशवे झाले ते वर्ष. टेबलावर बसलास आणि वाद्यवृंद वाजत असला तर त्याचे पैसे वेगळे लागतात. मी आत एक चक्कर मारून, आरसे आणि चित्रं बघून निघाले. अर्धा दिवस पुरे. तिथून लोकल गाडीनं दोनेक तासांत ट्रिएस्टे.

ट्रिएस्टेला मात्र तीन दिवस दे. हे शहर कोणत्याही टूरमध्ये नसतं आणि तुझ्यासाठी सगळ्यात महत्त्वाचं तेच आहे. १७१९ मध्ये ऑस्ट्रियाच्या सम्राटानं या बंदराला करमुक्त केलं आणि साम्राज्याची कॉफी इथून उतरू लागली. आजही इटलीच्या कॉफीचं हे मोठं बंदर आहे. इली कंपनी इथलीच, फ्रान्चेस्को इली यांनी १९३३ मध्ये काढलेली. आणि गावाची कॉफीची भाषाच वेगळी! बाकी इटलीत 'काफे' म्हणतात ती इथं 'नेरो'. मी कॅपुचिनो मागितली, हातात लहानसा कप आला. वाटलं, परकी बघून फसवलं. शेजारच्या आजोबांनी बोटांनी माप दाखवत समजावलं: मोठी दुधाची हवी तर इथं 'काफेलात्ते' म्हणायचं. 'कापो' म्हणजे छोट्या कपात थोडं दूध घातलेली, आणि तीच काचेच्या ग्लासात हवी तर 'कापो इन बी'. दुसऱ्या दिवशी त्याच बारमध्ये (इटलीत कॉफीच्या दुकानालाच बार म्हणतात) जाऊन 'उन कापो इन बी' म्हटलं, तर कप पुसणारा माणूस थांबून हसला. मला आपली रीत कळल्यासारखं वाटलं. सराफ्यात बाहेरगावचा माणूस येऊन भुट्ट्याचा कीस नीट नाव घेऊन मागतो, तेव्हा आपल्याला वाटतं ना, तसंच त्यालाही वाटलं असणार.

एका छोट्या भाजणीवाल्याकडे गेले होते. कोपऱ्यात तागाची पोती रचलेली, त्यातल्या दोनांवर छापलेलं होतं, 'इंडिया चेरी एबी'. ही आपली रोबस्टा (अरेबिका आणि रोबस्टा या कॉफीच्या दोन मुख्य जाती, त्यातली). भारतातून परदेशी जाणाऱ्या कॉफीचा सगळ्यात मोठा गिऱ्हाईक इटलीच आहे. आपल्याला वाटतं रोबस्टा म्हणजे हलका माल. तो माणूस म्हणाला, चांगली रोबस्टा नसेल तर वरची जाड साय, तिला ते क्रेमा म्हणतात, टिकत नाही. अरेबिकात कॅफीन साधारण सव्वा टक्का, रोबस्टात त्याच्या जवळपास दुप्पट. बाबा बुदानांनी येमेनच्या मोखा बंदरातून कॉफीच्या सात बिया आपल्याकडे आणल्याची कथा तुला माहीत असेलच. मी त्या पोत्यावर हात ठेवून बराच वेळ उभी होते.

आता माझ्या या टोपणनावाची गोष्ट. आमच्याकडे आजी एकादशीला कॉफी करते: दुधात उकळलेली, साखर सढळ, सहाणेवर उगाळलेलं जायफळ. घर भरून वास. ट्रिएस्टेला ज्या बाईंकडे खोली घेतली होती, त्यांना मी म्हटलं, आमची कॉफी करून दाखवू? पण जायफळ आणलंच नव्हतं. मी वास, आकार, किसणी, सगळं हातवाऱ्यांनी सांगत होते. त्यांनी फडताळ उघडून एक काचेची बरणी काढली; आत दोन जायफळं, झाकणालाच बारीक किसणी. 'नोचे मोस्काता!' पांढऱ्या सॉसमध्ये आणि पालकात घालतात म्हणे. मग त्यांच्या मोका पॉटची कॉफी, गरम दूध, साखर आणि वर किसलेलं जायफळ असं करून दोघी स्वयंपाकघरात प्यालो. त्यांनी दुसरा कप मागितला. त्या रात्री आजीला फोन केला तेव्हा तिनं फक्त एवढंच विचारलं, "दूध आटवलंस का?"

तुरिनला दोन दिवस. मोका पॉट आहे ना तुझ्याकडे? मग हे तुझ्या कामाचं. मोकात दाब एक-दीड बारच होतो (बार हे दाबाचं माप), म्हणून ती चांगली कॉफी असली तरी एस्प्रेसो, म्हणजे यंत्रात मोठ्या दाबानं काढलेली छोटी दाट कॉफी, नव्हे. वाफेवर कॉफी करण्याच्या यंत्राचं पेटंट तुरिनच्या अँजेलो मोरिओंदोंनी १८८४ मध्ये घेतलं. मिलानच्या लुइजी बेत्सेरांनी १९०१ मध्ये एकेका गिऱ्हाइकापुरता कप काढणारं यंत्र केलं. पण वाफेचाच दाब, त्यामुळे कॉफी करपट लागायची आणि वर साय नसायची. मिलानच्याच अकिले गाजांनी १९४८ मध्ये स्प्रिंगचा दांडा बसवलेलं यंत्र बाजारात आणलं. वाफेऐवजी दट्ट्यानं पाणी ढकललं, दाब आठ-नऊ बारवर गेला आणि क्रेमा आली. म्हणजे आपण जिला एस्प्रेसो म्हणतो ती आपल्या स्वातंत्र्याहून वर्षभरानं लहान. इटालियन माप असं: ७ ग्रॅम पूड, ९ बार, २५ सेकंद, २५ मिलिलिटर.

तुरिनचं 'बिचेरीन' घेच. खाली घट्ट चॉकलेट, मग कॉफी, वर साय, छोट्या ग्लासात. ढवळायचं नाही, थरांतूनच प्यायचं. त्याच नावाचं १७६३ पासूनचं छोटंसं दुकान कोन्सोलाता देवळासमोर आहे.

नेपल्सला कप उकळत्या पाण्यातून काढतात, ओठाला चटका बसतो, जपून. आधी पाण्याचा घोट, मग कॉफी. 'काफे सोस्पेसो' म्हणजे आपण एक प्यायची आणि पैसे दोनाचे द्यायचे. दुसरी ज्याच्याकडे पैसे नसतील त्याच्यासाठी. मी निघायच्या दिवशी दिली. आपल्याकडे पाणपोई घालतात त्याची आठवण झाली.

किती कप: युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेनं २०१५ मध्ये निरोगी प्रौढासाठी दिवसाला ४०० मिलिग्रॅमपर्यंत कॅफीन ठीक मानलंय. एका एस्प्रेसोत साधारण ६० ते ८०. मी चारवर थांबायचे, शेवटचा कप दुपारी चारच्या आत.

लष्कर_ग्वाल्हेर

जायफळताई, लिहिलंय सुंदर, पण मी पूर्ण सहमत नाही. ही सगळी जुन्या वैभवाची शहरं झाली. दाण्याची खरी चव हवी असेल तर ऑस्लो आणि कोपनहेगन. तिथं भाजणी इतकी हलकी असते की इथिओपियाची कॉफी लिंबाच्या फुलासारखी लागते. मी तीन वर्षं ऑस्लोत शिकायला होतो. काळी भाजणी दाण्याचे दोषही झाकते आणि गुणही. २४ वर्षांच्या मुलानं आजची कॉफी प्यावी असं मला मनापासून वाटतं.

जायफळ

दादा, चवीबद्दल तुमचं खरं आहे. हलक्या भाजणीत शेत कळतं, मान्य. पण ऑस्लोचे टिम वेंडलबो २००४ मध्ये जागतिक बरिस्ता (कॉफी बनवणाऱ्यांची) स्पर्धा जिंकले ती ट्रिएस्टेलाच भरली होती ना? तसे कप आता इंदूरलाही मिळू लागलेत, बंगळुरूचे भाजणीवाले दाणे घरपोच पाठवतात. काउंटरला टेकून, छत्री हातात धरून, कामावर जाणाऱ्या लोकांमध्ये उभं राहून सव्वा युरोची नेरो पिणं मात्र कुरिअरनं येत नाही. पहिल्या प्रवासाला ते हवं. दुसऱ्या वेळी त्यानं ऑस्लोला जरूर जावं.

दांडियाबाजार

मी बडोद्याचा, वय ६३, सौ.बरोबर दोनदा इटली केली. आमचे सयाजीराव महाराज १८८७ मध्ये पहिल्यांदा युरोपला गेले, तेव्हापासून बडोदेकरांना तिकडची ओढ आहे असं मी घरी सांगतो. पोरा, तुला कामाच्या चार गोष्टी.

ऑगस्टमध्ये जाऊ नकोस. १५ ऑगस्टला इटलीत फेर्रागोस्तोची सुट्टी असते, त्याच्या आगेमागे छोटी दुकानं आठवडा-दोन आठवडे बंद असतात. आम्ही एका गावात चार बंद शटरं बघून परतलो. मे चांगला.

पुष्कळ बारमध्ये आधी गल्ल्यावर पैसे भरून पावती घ्यायची, मग ती काउंटरवर ठेवायची. टेबलावर बसलं की दर वाढतो. लोकल गाडीचं कागदी तिकीट फलाटावरच्या यंत्रात छापून मगच चढायचं, नाहीतर दंड. शेंगेन व्हिसाची (युरोपातल्या बऱ्याच देशांना चालणारा एकच व्हिसा) फी आता ९० युरो आहे आणि भेटीच्या तारखा उन्हाळ्यात भराभर संपतात, आजच बघ.

खाण्याचं: केक-पेस्ट्रीत अंडं असतंच असं धरून चाल. नेपल्सला मारिनारा पिझ्झा माग, टोमॅटो, लसूण, ओरेगॅनो, चीजसुद्धा नाही. आमच्या सौ.नं चार दिवस त्यावरच काढले आणि खूश होत्या. सकाळसाठी इथून खाकरे ने.

इंदूरकर२४

ताई, काका, दादा, सगळ्यांचे मनापासून आभार. मे ठरला. व्हिएन्ना ३, ट्रिएस्टे ३, तुरिन २, नेपल्स ३, बाकी गाडीत. व्हिसाची तारीख काल घेतली. आईला ट्रिएस्टेची गोष्ट वाचून दाखवली, तेव्हापासून ती पॅकेज टूरचं नाव काढत नाहीये.

एकच विचारायचं राहिलं. जायफळ इथून घेऊन जाऊ का?

जायफळ

नको. तिथल्या कुठल्याही किराणा दुकानात 'नोचे मोस्काता' म्हणून माग, अख्खं मिळतं. पूड घेऊ नकोस, तिचा वास उडालेला असतो. दूध 'लात्ते इंतेरो' घे, म्हणजे सायीचं. आजीचा निरोप: दूध आधी आटवायचं, कॉफी मग घालायची, आणि जायफळ गॅस बंद केल्यावर.