एसटी स्टँडच्या संकुलातला गाळा घ्यावा का? (बजेट 22 लाख)

माणदेशी_पाऊस (धागाकर्ता)
नमस्कार मंडळी. धाकट्या भावाचं चष्म्याचं दुकान आहे, सोलापूर जिल्ह्यात, तालुक्याच्या गावी. आत्ताची जागा भाड्याची. मालकाला ती मुलासाठी हवी आहे, दिवाळीला सोडायची.

आमच्याकडे एसटीच्या जुन्या स्टँडच्या जागेवर एका विकसकाने बीओटीवर (स्वखर्चाने बांधायचं, मुदतभर वापरायचं, मग परत द्यायचं) नवा स्टँड आणि त्याला लागून दुमजली व्यापारी संकुल उभं केलंय. तळमजल्यावर 140 चौ. फुटांचा गाळा मिळतोय. एकरकमी 24 लाख सांगतोय, शिवाय देखभालीचे महिना 1,100. महामंडळाशी त्याचा करार 30 वर्षांचा, त्यातली 6 बांधकामातच गेली. भोगवटा प्रमाणपत्र (इमारत वापरायची परवानगी) "महिन्याभरात येतंय" असं गेल्या पाडव्यापासून ऐकतोय.

दुसरा पर्याय मेन रोडचा. 11,000 भाडं, 3 लाख अनामत, दर तीन वर्षांनी 10 टक्के वाढ.

बजेट सगळं धरून 22 लाख, वर एक रुपया नाही. अशा सरकारी जागेवरच्या गाळ्यात कुणी पैसे घातलेत का? कागद कोणते बघायचे? मुंबई-पुण्याचे दर कृपया सांगू नका.

पर्वतीपायथा
22 लाखांत पुण्यात कुणी गाडी लावायची जागाही देत नाही, असो. 2014 ला बाणेरला ऑफिस घेतलं तेव्हा सगळे हसत होते. आज भाड्यावरच मुलाची फी निघते. माझं ऐकाल तर थोडं ताणून 40-45 पर्यंत जा आणि स्वतःच्या मालकीचंच घ्या.

तवा_गरम
पर्वतीपायथा, त्यांनी पहिल्याच पोस्टात लिहिलंय ना राव, दर सांगू नका म्हणून.

माणदेशी, गाळ्याचं तोंड कुठे आहे ते आधी सांगा. रस्त्याकडे की फलाटाकडे? माझं हॉटेल एका स्टँडच्या संकुलात आहे, गावाचं नाव नको. फलाटाकडच्या गाळ्यात पाण्याची बाटली, वडापाव, मोबाईलचं कव्हर एवढंच खपतं. गिऱ्हाईकाचा एक डोळा गाडीवर असतो. रस्त्याकडच्या गाळ्यांना गावातलं गिऱ्हाईक येतं. भिंत एकच, पण धंद्यात जमीन-अस्मानाचा फरक.

माणदेशी_पाऊस
तोंड फलाटाकडे आहे. रस्त्याकडचे सगळे गेले, तेही 31 लाखांना. पण स्टँडच्या समोरच डोळ्यांचा दवाखाना आहे.

डबल_बेल
एसटीत वाहक होतो, आता निवृत्त. हॉटेलवाल्यांचं म्हणणं हॉटेलला ठीक आहे, चष्म्याचं गणित वेगळं. ऑगस्ट 2022 पासून 75 च्या वरच्यांना फुकट प्रवास, मार्च 2023 पासून बायकांना अर्धं तिकीट. वाडीवस्तीवरचं म्हातारं माणूस दवाखान्यात यायचं तर एसटीनंच येणार, आणि परतीची गाडी दोन-दोन तासांनी. तेवढ्या वेळात नंबर काढून होतो. मेन रोडला ते चालत जाणार नाही, त्याचे गुडघे गेलेत. मी तर म्हणतो घ्या.

तवा_गरम
काका, फुकट प्रवास करणारा 300 च्या वर फ्रेम घेत नाही.

डबल_बेल
घेतो. मुलगा पैसे पाठवतो पुण्याहून.

कोर्टाची_पायरी
दिवाणी वकिली करतो. चष्म्याचं तुमचं तुम्ही बघा, कागदाचं सांगतो, कारण इथं अजून कुणी त्याला हात घातलेला नाही.

तुम्ही गाळा "घेत" नाही आहात. जमीन महामंडळाची, पट्टा विकसकाचा आणि तुम्हाला मिळणार तो पोटभाडेपट्टा. विकसकाकडे 24 वर्षं उरली असतील तर तो 24 च्या वर एक दिवस देऊ शकत नाही, तोंडाने काहीही सांगो.

मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम 115 वाचून ठेवा. विकसकाने पट्टा राजीखुशीने परत केला तर पोटभाडेकरूला धक्का लागत नाही. पण हप्ते थकवले, अटी मोडल्या आणि त्यापायी मूळ पट्टा रद्द झाला, तर तुमचा पोटपट्टाही त्याच्याबरोबर जातो. अपवाद आहेत, मोजके. म्हणजे तुम्ही 24 लाख वेळेवर भरूनही दुसऱ्याच्या थकबाकीपायी रस्त्यावर येऊ शकता. मुंबईत बेस्टने आगारांच्या जागा विकसकांना दिल्या, त्यातल्या थकबाकीवरून किती वर्षं ओरड झाली ते आठवत असेल.

त्यामुळे महामंडळ आणि विकसक यांच्यातल्या मूळ नोंदणीकृत कराराची प्रत मागा. पोटभाड्याने देण्याचा हक्क त्यात आहे का, की दर वेळी महामंडळाची लेखी संमती लागते, ते कलम बोट ठेवून वाचा. विकसकाने महामंडळाचे पैसे कुठवर भरलेत हे विभाग नियंत्रकांच्या कार्यालयात माहितीच्या अधिकारात विचारा. दुय्यम निबंधकाकडे शोध घ्या. हेच गाळे बँकेला तारण दिलेले असण्याची शक्यता बरीच असते.

फ्रीहोल्ड_फक्त
लीजवर काही घेऊ नये. फ्रीहोल्डच, म्हणजे जमिनीसकट कायमच्या मालकीचंच घ्यावं. बाकी धागा वाचला नाही.

आकडेमोड_ताई
मी लेखापाल आहे, त्यामुळे राहवत नाही. 24 लाख भागिले 24 वर्षं म्हणजे वर्षाला 1 लाख, स्वस्त पडलं, असं विकसकाच्या माणसाने सांगितलंच असेल. हा हिशोब चुकीचा. शेवटी हातात काही उरत नाही, म्हणजे ते 24 वर्षांचं आगाऊ भाडं झालं. 7 टक्के व्याज धरलं तर महिना सुमारे 17,400 पडतात. वर देखभाल 1,100. म्हणजे साडेअठरा हजार, आणि मेन रोडला आज 11,000.

अर्थात मेन रोडचं भाडं वाढत जाणार. दर तीन वर्षांनी 10 टक्के म्हणजे शेवटच्या तीन वर्षांत 21,400 च्या आसपास. तरी सुरुवातीची बरीच वर्षं भाडंच स्वस्त, आणि नाही चाललं तर सोडता येतं.

मुद्रांक शुल्क धरलंय का? राज्यात 10 ते 29 वर्षांच्या पट्ट्याला बाजारमूल्याच्या 50 टक्क्यांवर शुल्क लागतं. नूतनीकरणाची मुदत करारात लिहिलेली असेल तर ती मिळवून मोजतात, आणि एकूण 29 च्या वर गेली की 90 टक्क्यांवर. भोगवटा प्रमाणपत्राआधी पैसे दिले तर जीएसटीचं आणखी वेगळं. बजेट 22 आणि गाळाच 24 चा, हे कसं बसवणार आहात?

माणदेशी_पाऊस
ताई, 20 पर्यंत उतरेल असा अंदाज आहे.

नव्वदीचा_विठू
कशाला घाबरवता त्यांना? 2025 मध्ये मंत्रिमंडळाने एसटीच्या जागांची मुदत 98 वर्षं केली. 49 अधिक 49. नातवापर्यंत बघायला नको, बिनधास्त घ्या. माझ्या मेव्हण्याने मुंबईच्या बीकेसीत ऑफिस घेतलंय, तिथं तर जमीन एमएमआरडीएची, म्हणजे सरकारी विकास प्राधिकरणाची, 80 वर्षांच्या पट्ट्याची. तिथं कुणी फ्रीहोल्ड फ्रीहोल्ड करत नाही. 2019 मध्ये जपानी कंपनीने तिथला तीन एकरांचा प्लॉट 2,238 कोटींना घेतला, तोही लीजवरच.

कोर्टाची_पायरी
विठू, मंत्रिमंडळाच्या निर्णयाने आधीच सही झालेला करार आपोआप वाढत नाही. पुरवणी करार झालाय का, एवढं विचारा. नसेल तर यांच्यासाठी 24 म्हणजे 24. जपानी कंपनीने थेट एमएमआरडीएकडून घेतलं, मध्ये विकसक नव्हता.

शाळूचं_शेत
मूळ प्रश्न हाच की एसटीने जागा द्यायच्याच कशाला? गावाच्या मधोमध जागा, आमच्या आज्यापणज्यांच्या वेळी स्टँडसाठी घेतलेल्या. आता जादा झाल्या म्हणे. गाड्या वाढवल्या तर जादा होणार नाहीत. गिरण्यांचं तेच झालं. 2005 मध्ये एनटीसीच्या, म्हणजे केंद्राच्या वस्त्रोद्योग महामंडळाच्या, गिरण्या लिलावात काढल्या, मुंबई टेक्स्टाईल 702 कोटी, कोहिनूर 421 कोटी, आणि कामगार अजून घराच्या सोडतीची वाट बघतोय.

पर्वतीपायथा
मग काय, मोडकळीस आलेले स्टँड तसेच ठेवायचे? महामंडळाकडे पगाराला पैसे नाहीत. आमच्या शिवाजीनगरचा स्टँड मेट्रोसाठी वाकडेवाडीला हलवला 2019 च्या शेवटी. मेट्रो धावायला लागली तरी स्टँड तिकडेच. कुणीतरी पैसे घालणारा लागतोच.

शाळूचं_शेत
पैसे घालणारा घालतो आणि काढूनही नेतो. स्वच्छतागृह तेवढं तसंच राहतं.

डबल_बेल
स्वच्छतागृहाबद्दल सहमत.

नव्वदीचा_विठू
आपण 2022 मध्येच राष्ट्रीय पातळीवर जमीन मुद्रीकरण महामंडळ काढलंय, रेल्वेसाठी वेगळं प्राधिकरण त्याच्याही आधीपासून आहे. जग पुढे चाललंय, काही लोक गिरण्यांवरच.

संपादक_3
जमिनी द्याव्यात की न द्याव्यात हा वाद वेगळ्या धाग्यावर. इथं एका माणसाला गाळा घ्यायचाय.

केळीचं_पान
जळगावकर आहे. मुदत संपल्यावर काय होतं हे बघायचं तर आमच्या महापालिकेच्या गाळ्यांचं प्रकरण वाचा. दोन हजारांवर गाळे, बहुतेकांचे करार 2012 मध्ये संपले. पुढे नूतनीकरण की लिलाव, भाडं कोणत्या दराने, पाचपट दंड लावायचा का, यावर मोर्चे, कोर्ट, ठराव, सगळं झालं. 2019 च्या नियमांत बाजारमूल्याच्या 8 टक्के भाडं आल्यावर राज्यभरच्या गाळेधारकांनी डोकं धरलं. ती जागा महापालिकेची आणि तुमची महामंडळाची, हे मान्य. पण "संपल्यावर बघू, कोण उठवतंय" असं जे लोक सांगतात त्यांच्याकडे लक्ष देऊ नका. उठवत नाहीत हे खरं, पण झोपूही देत नाहीत.

तवा_गरम
बरोबर. आमच्या संकुलात आता मुदतीची शेवटची काही वर्षं उरलीत, तर गाळा दुसऱ्याला द्यायला गेलं की समोरचा तोंड फिरवतो. बँकेचं कर्जही मिळत नाही, बँक आधी उरलेली वर्षं विचारते. सुरुवातीला पागडीसारखे पैसे मोजलेत आम्ही, आता परत कोण देणार?

पाणी कुठून येतं बघा हो. आमच्याकडे पहिल्या पावसात तळमजल्यावर गुडघाभर पाणी असतं.

आकडेमोड_ताई
रेरा नोंदणी, म्हणजे बांधकाम प्रकल्पांच्या सरकारी नियामकाकडची नोंदणी, आहे का या प्रकल्पाला? नंबर संकेतस्थळावर घालून बघा, वकिलाचा मालकी अहवाल तिथं टाकलेला असतो.

कोर्टाची_पायरी
ताईंनी चांगलं विचारलं. विकसक म्हणेल, हा भाडेपट्टा आहे, रेरा लागू नाही. 2018 मध्ये लवासाच्या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने हा बचाव मानला नव्हता. पण तिथं पट्टा 999 वर्षांचा होता आणि रक्कम जवळपास विक्रीइतकी. 24 वर्षांना तेच लागू होईल असं मी छातीठोकपणे सांगणार नाही. नोंदणी असेल तर उत्तमच. नसेल तर भांडायची तयारी ठेवा.

फ्रीहोल्ड_फक्त
म्हणूनच म्हटलं फ्रीहोल्ड.

पर्वतीपायथा
सगळ्यांचा सूर एकच दिसतोय, घेऊ नका. मेन रोड घ्या आणि उरलेल्या पैशांत पुण्याच्या बाहेर एखादा एनए प्लॉट बघा. शिरवळकडे माझ्या ओळखीचे आहेत.

माणदेशी_पाऊस
उशिरा उत्तर देतोय, माफ करा. सगळ्यांचे आभार, विशेषतः वकीलसाहेब आणि ताई.

मूळ कराराची प्रत मागितली. विकसकाच्या ऑफिसात आधी "ती गोपनीय असते" म्हणाले, मग अर्धी पानं झेरॉक्स करून दिली. पोटभाड्याला महामंडळाची लेखी संमती लागते असं त्यात स्पष्ट आहे. संमतीपत्र मागितलं तर "सगळ्यांचं एकदम येणार". माहितीच्या अधिकारातला अर्ज टाकलाय. रेरा नंबर मिळाला, पण त्यात फक्त वरचा मजला दाखवलाय. तळमजला का नाही, ते कुणी नीट सांगत नाही. पुरवणी करार झालेला नाही.

तरी गाळा घेतोय. 20 लाख 75 हजारांना ठरला. 5 आता, बाकीचे भोगवटा प्रमाणपत्र आणि संमतीपत्र हातात आल्यावर, असं लेखी घेतलंय. मुद्रांक शुल्क आणि आतल्या कामासाठी पतसंस्थेतून काढावे लागतील. बजेटच्या वर जातंय, माहीत आहे. ताईंचा हिशोब भावाला दाखवला. तो म्हणाला, मेन रोडला मालकाचा मुलगा मोठा झाला की मी परत दिवाळीला खोकी भरायची का? त्याचं वय 41, चोवीस वर्षं त्याला पुरतात म्हणे. आणि दवाखान्यातल्या डॉक्टरांशी त्याचं बोलणं झालंय.

कोर्टाची_पायरी
5 लाखांची पावती कुणाच्या नावाने आहे? कंपनीच्या की कुणाच्या वैयक्तिक?

डबल_बेल
अभिनंदन! उद्घाटनाला कळवा, मला वाचायचा चष्मा करायचाच आहे.

तवा_गरम
पाण्याचं बघितलंत का?

माणदेशी_पाऊस
पावती बघून सांगतो. पाण्याचं विचारायचं राहिलं.

नवी_मोट
धागा वर काढतोय. आमच्याकडे बाजार समितीच्या आवारात गाळे निघालेत, 11 महिन्यांचा करार पण डिपॉझिट 9 लाख. कुणाला काही अनुभव?