विजेती एंजल रीस, मग चर्चा तिच्या हातवाऱ्यांचीच का?

रोहिणी_नागपूर
मी नागपुरात शाळेच्या मुलींना बास्केटबॉल शिकवते. परवा सराव संपल्यावर एकीने मोबाइलवर २०२३ च्या अमेरिकन कॉलेज फायनलची क्लिप दाखवली. लुइझियाना स्टेट विद्यापीठाने आयोवा विद्यापीठाला १०२-८५ असं हरवलंय, घड्याळात सेकंद उरलेत, आणि लुइझियानाची एंजल रीस आयोवाच्या केटलिन क्लार्कच्या मागे मागे जात स्वतःच्या चेहऱ्यापुढे हात हलवते, मग अंगठीचं बोट दाखवते, म्हणजे विजेत्यांची अंगठी आता माझी. खाली नुसत्या शिव्या. मुलींनी विचारलं, "ताई, ही वाईट आहे का?" मी म्हटलं, अगं, ती त्या स्पर्धेची सर्वोत्कृष्ट खेळाडू ठरली होती! पण मग लोक तिच्यावर एवढे का तुटून पडले? तिकडे राहणाऱ्या कुणी सांगेल का?

सुमेधा_आयोवा
रोहिणीताई, मी डे मॉइनला राहते. क्लार्क इथलीच, शाळा वेस्ट डे मॉइनची. आमच्याकडे पोरीबाळींच्या अंगात तिचीच २२ नंबरची जर्सी. मीही तिची पक्की चाहती, आणि तरीही सांगते, रीसवर अन्याय झाला.

फायनलच्या आठवडाभर आधी लुइव्हिल विद्यापीठाविरुद्ध क्लार्कने ४१ गुण केले आणि हात असाच हलवला होता. डब्ल्यूडब्ल्यूईचा कुस्तीपटू जॉन सीना याची ती खूण, 'तुला मी दिसतच नाही' अशा अर्थाची. खुद्द सीनाने तिची पाठ थोपटली, आणि सगळ्यांना तिची जिगर दिसली. २ एप्रिलला डॅलसमध्ये रीसने तेच केलं तर ती उर्मट ठरली. कीथ ओल्बरमनसारख्या मुरलेल्या क्रीडा निवेदकाने ट्विटरवर तिला शिवी देऊन मूर्ख म्हटलं. मागचा संदर्भ माहीत नव्हता म्हणून नंतर त्याने माफी मागितली. म्हणजे निवाडा आधी, माहिती नंतर. क्लार्क गोरी, रीस काळी, हे सोडून या फरकाचा अर्थ लागत नाही. रीस त्याच रात्री पत्रकारांसमोर हे बोलली: वर्षभर मला नावं ठेवलीत, दुसऱ्या कुणी हेच केलं की तुम्ही गप्प.

क्लार्कने तर दोन दिवसांत टीव्हीवर सांगून टाकलं की रीसवर टीका व्हायलाच नको. तेवढ्यात तेव्हाच्या राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी जिल बायडन यांनी विजेत्यांबरोबर हरलेल्या आयोवालाही व्हाइट हाउसला बोलवावं असं सुचवलं. विजेत्यांचा मान कुणी असा वाटून देतं का? रीस चिडली ते बरोबरच होतं. अखेर मे महिन्यात एकटा लुइझियानाचाच संघ तिथे गेला.

विनायक_पुणे
सुमेधाताई, थोडं वेगळं मत. क्लार्कने खूण केली ती क्षणभर. रीस सामना संपत असताना समोरचीच्या मागे चालत गेली. या दोन गोष्टी सारख्या नाहीत. मी क्लबमध्ये रेफरी असतो, माझ्या कोर्टवर दोघींनाही समज दिली असती.

सुमेधा_आयोवा
विनायकदादा, समज द्या की! नाही आवडलं असं म्हणायला कुणाचीच हरकत नाही. पण लोक तिथे थांबले नाहीत. २०२४ मध्ये आयोवाकडून हरल्यावर रीस रडत रडत सांगत होती की जिवे मारण्याच्या धमक्या येतात, घाणेरडं बोललं जातं, त्या फायनलपासून शांतता नाही. त्याच सुमाराला लॉस एंजेलिसच्या एका मोठ्या दैनिकाने तिच्या संघाला चक्क खलनायिका ठरवणारा लेख छापला. बोंब झाल्यावर मजकूर बदलला आणि लेखकाने माफी मागितली. या कॉलेजच्या मुली आहेत हो.

आणि माझी खरी तळमळ पुढे आहे. ती फायनल पहिल्या हाफमध्ये फिरवली कुणी? जॅस्मिन कार्सनने. रीस फाउलमुळे बाहेर बसलेली असताना ही बेंचवरून आली आणि हाफपर्यंत २१ गुण करून गेली. थ्री पॉइंटर, म्हणजे लांबून तीन गुणांचे शॉट, टाकले पाच, पाचही आत, शेवटचा तर हाफ संपल्याच्या बझरला बोर्डवर आपटून. स्कोअर ५९-४२. तिचं नाव किती जणांना ठाऊक आहे? महिलांच्या कॉलेज फायनलला तोवर कधी नव्हते एवढे, ९९ लाख प्रेक्षक होते आणि दुसऱ्या दिवशी मथळे कसले, तर हाताच्या खुणेचे. पुढच्या वर्षी साउथ कॅरोलायनाने एकही सामना न हरता आयोवाला ८७-७५ असं नमवलं, बघणारे पुरुषांच्या फायनलपेक्षाही जास्त. तरी माझ्या शेजारणीला क्लार्क हरली एवढंच आठवतं.

रोहिणी_नागपूर
कार्सनचं मला खरंच माहीत नव्हतं. शनिवारी मुलींना तो दुसरा क्वार्टर पूर्ण दाखवते.

विनायक_पुणे
दाखवणारच असाल तर रीसचे रिबाउंडही दाखवा, म्हणजे हुकलेल्या शॉटचा चेंडू ती कसा पकडते ते. त्या मोसमात तिने ३४ डबल-डबल केले (एका सामन्यात गुण आणि रिबाउंड असे दोन्ही आकडे दहा किंवा जास्त), तो विक्रम होता. तिची उडी बघू नका, शॉट सुटायच्या आधी ती कमरेने समोरचीला कशी मागे रेटून जागा धरते ते बघा. तुमच्या बुटक्या मुलींनाही ते जमेल. सुमेधाताईंचं धमक्यांबद्दलचं म्हणणं मान्य. खुणेबद्दल मी अजून माझ्या मतावर आहे.