मदत हवी आहे: मुलांच्या बेसबॉल संघासाठी पिचिंग कोच कसा पारखायचा?

न्यू जर्सीत ११-१२ वर्षांच्या मुलांचा आमचा लिटल लीग (मुलांच्या बेसबॉलची लीग) संघ आहे. आधीचे पिचिंग (बॉल टाकणं) शिकवणारे कोच दुसऱ्या राज्यात गेले, नवीन निवडायचं काम पालकांवर आलंय. दोघांशी बोलणं झालं. एक कॉलेजात पिचर होता. वेग मोजायची रडार गन, सरावाला नेहमीपेक्षा जड बॉल, सगळा भर वेगावर. दुसरे वयस्कर, त्यांनी बॉल न देता मुलांच्या हातात टॉवेल दिला आणि नुसती थ्रोची हालचाल करून घेतली. मुलांना अर्थात पहिलाच आवडला!

पार्श्वभूमी तपासणी झाली आहे, फी सारखीच. दिवसाला जास्तीत जास्त ८५ पिच (म्हणजे टाकलेले बॉल), ६६ किंवा जास्त टाकल्या तर चार दिवस विश्रांती, हा नियम दोघांनाही पाठ आहे, त्यामुळे ते विचारून काही कळलं नाही. कर्व्हबॉल (हवेत वळणारा बॉल) या वयात नको, हे आमचं ठरलंय. आमच्यात बेसबॉल खेळलेलं कोणी नाही, क्रिकेटच्या जोरावर किती बोलणार!

शनिवारी दोघांची अर्ध्या-अर्ध्या तासाची ट्रायल आहे. ज्यांची मुलं पिचिंग करतात किंवा ज्यांनी स्वतः शिकवलंय त्यांनी सांगा: तेवढ्या वेळात कोचचं नेमकं काय बघायचं, आणि जड बॉलला या वयात सरळ नाही म्हणायचं का?