मदत हवी आहे : व्हेपमधला द्रव कॉइलपर्यंत कसा पोचतो, हे वर्गात दाखवायचंय

नमस्कार मंडळी. निपाणी भागातल्या मराठी शाळेत नववी-दहावीला विज्ञान शिकवते. हा तंबाखूचा पट्टा, त्यामुळे मुलं व्हेपबद्दल, म्हणजे ई-सिगारेटबद्दल, उघड विचारतात. 2019 च्या कायद्याने आपल्याकडे त्याच्या विक्रीवर बंदी आहे, म्हणून खरं उपकरण वर्गात आणणार नाही. निकोटीन आणि जाळही नको.

तत्त्व माहीत आहे : कॉइलभोवतीचा (द्रव तापवणाऱ्या तारेच्या वेटोळ्याभोवतीचा) कापूस केशाकर्षणाने द्रव ओढतो, तो संपेल तसा टाकीतला दाब उतरतो आणि छिद्रातून हवेचा बुडबुडा आत जाऊन नवा द्रव कापसात उतरतो. मला हा बुडबुडाच मुलांना दाखवायचाय.

दांडा काढलेली इंजेक्शनची सिरिंज उभी धरून टोकात कापूस घातला, आत रंगवलेलं ग्लिसरीन भरलं, वरचं तोंड रबरी बुचाने घट्ट बंद केलं. खालून टिपकागद लावून द्रव शोषून घेते. कापूस दाबून भरला की टोक नुसतं ओलसर होतं, पुढे काही नाही. सैल ठेवला की थेंब गळतात आणि बुचाची फट तपासून पाहिली तरी गळती थांबत नाही. निम्मं पाणी मिसळल्यावर द्रव भराभर उतरतो, पण बुडबुडे इतके बारीक की मागच्या बाकावरून दिसणार नाहीत. व्हेपच्या द्रवात ग्लिसरीनसोबत असणारं, त्याहून पातळ प्रॉपिलीन ग्लायकॉल इथल्या मेडिकलमध्ये मिळत नाही. बेळगाव किंवा कोल्हापूरहून मागवायला तयार आहे, पण खरंच गरज असेल तरच.

ग्लिसरीन-पाण्याचं कोणतं प्रमाण आणि टोकाचं छिद्र किती मोठं ठेवलं, तर गळती न होता बुडबुडा ठळक दिसेल?